तारीख नसलेली कात्रणे

मा. संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या १७ सप्टेंबरला आपल्या अंकात हैदराबाद मुक्तिसंग्रामावर लेख आला होता. तो वाचून माझ्या नातवाने आमच्या घरातल्या एका जुन्या चोपडीची दहा-बारा पाने मोबाइलवर टिपली आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. कल्पना चांगली होती आणि मीच त्याला होकार दिला होता, त्यामुळे पुढे जे घडले त्याचा निम्मा दोष माझा आहे. चार दिवसांनी त्यातलेच एक कात्रण निपाणीच्या एका परिचितांकडून माझ्याकडे परत आले. मूळ कात्रणात सरहद्दीवरच्या एका गावात घरे पेटवल्याची आणि गावकरी रातोरात बाहेर पडल्याची बातमी आहे. गावाचे नाव कात्रीत गेले आहे आणि तारीख मुळातच नाही. परत आलेल्या चित्रावर लाल अक्षरांत असे लिहिले होते की, ही १९८६ सालच्या आपल्या सीमाभागातली, दडपलेली बातमी आहे.

ते कात्रण १९४८ सालचे आहे. त्यातली सरहद्द सोलापूर जिल्हा आणि निजामाचे राज्य यांच्यामधली आहे. बेळगावात मात्र ‘सरहद्द’ किंवा ‘सीमा’ हा शब्द दिसला की आपल्या डोळ्यांपुढे एकच सीमा येते, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातली. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण तिच्यावर बोलतो आहोत, या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाच्या अहवालावर दोन पिढ्या भांडलो आहोत आणि २००४ पासून तिचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हा पाहणाऱ्याचा गैरसमज झाला हे मी समजू शकते. पण १९८६ सालचे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन मी स्वतः पाहिले आहे आणि त्यात जे घडले ते पुरेसे गंभीर होते. त्याला दुसऱ्या काळातल्या, दुसऱ्या राज्यातल्या जळक्या घरांची जोड द्यायची काहीच गरज नाही. उलट, आपल्या बाजूच्या कागदांत असा एक जरी खोटा कागद सापडला, तर उरलेल्या शंभर खऱ्या कागदांवर कोण विश्वास ठेवणार?

ते कात्रण जुने आहे हे ओळखायला इतिहासाचे शिक्षण लागत नाही, अक्षराकडे नीट पाहिले तरी पुरते. बातमीत ‘नाहीं’, ‘गांवांत’, ‘त्यांमुळें’ असे अनुस्वार जागोजागी आहेत. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम सरकारमान्य झाले आणि हे अनुच्चारित अनुस्वार हळूहळू छापील मजकुरातून गेले. १९८६ साली बेळगावात येणाऱ्या एकाही दैनिकात ‘नाहीं’ वाचल्याचे मला आठवत नाही. एवढे मी त्या परिचितांना कळवले. त्यांनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. कात्रण फिरतच राहिले.

आता त्या चोपडीविषयी. ती माझ्या वडिलांची. लाल कापडी पुठ्ठ्याची, वरून दोरीने बांधलेली, कापडाच्या दुकानात असते तशी हिशेबाची चोपडी आहे. पहिल्या सहा पानांवर खरोखरच लुगड्यांचा हिशेब आहे आणि सातव्या पानापासून कात्रणे सुरू होतात. १९४७ साली बाबा तेरा वर्षांचे होते. आमचे घर शहापुरात, आणि शहापूर त्या वेळी सांगली संस्थानात होते. म्हणजे बेळगावच्या शाळेत जाताना बाबा रोज संस्थानातून इंग्रजी मुलखात आणि संध्याकाळी परत संस्थानात येत असत. १९४८ च्या मार्चमध्ये सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, पण गंमत अशी की आपल्या स्वतःच्या संस्थानाच्या विलीनीकरणाचे एकही कात्रण या मुलाने चिकटवलेले नाही. त्याचे सगळे लक्ष दुसऱ्याच एका संस्थानाकडे लागले होते.

त्याचे कारण घरगुती होते. माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, उमरग्याजवळच्या एका खेड्यात दिली होती, आणि ते खेडे निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. तिची पत्रे १९४७ च्या दिवाळीनंतर येईनाशी झाली. चोपडीतली सुरुवातीची कात्रणे पाहिली तर राजकारण जवळजवळ नाही, फक्त गावांची नावे आहेत. जिथे जिथे उमरगे, तुळजापूर, नळदुर्ग, आळंद असा उल्लेख आला आहे, तिथे पेन्सिलीने दुहेरी रेघ ओढलेली आहे आणि समासात लहान अक्षरांत ‘अक्काच्या गावापासून किती कोस?’ असा प्रश्न आहे. हा प्रश्न मी मोजला, तो अकरा वेळा आहे. एका ठिकाणी कुणीतरी मोठ्या माणसाने, बहुधा आजोबांनी, शाईने उत्तर लिहिले आहे: ‘लांब आहे. निजावे.’

ज्या संघटनेच्या बातम्या या मुलाने जमवल्या, तिच्याविषयी आजच्या तरुण वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ‘रझाकार’ हा शब्द आता निव्वळ शिवी म्हणून उरला आहे. शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक असा आहे. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना हैदराबादेत १९२७ साली स्थापन झाली. तिचे नेते बहादूर यार जंग यांच्या काळात तिने रझाकार नावाचे स्वयंसेवकांचे दल उभे केले. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९४६ च्या अखेरीस लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे सूत्रे गेल्यावर त्या दलाची खाजगी फौज झाली. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम आणि भारत सरकार यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, पण त्याच काळात मराठवाड्यातल्या, बिदर-गुलबर्ग्याकडच्या आणि तेलंगणातल्या खेड्यांवर या फौजेचे छापे वाढत गेले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते सरहद्दीबाहेर सोलापूर, बार्शी, गदग अशा ठिकाणी तळ देऊन लढत होते. बेळगाव जिल्ह्याची हद्द निजामाच्या राज्याला कुठेच भिडत नव्हती. आमच्या घरी ते सगळे कागदावरूनच पोचत होते.

आणि कागदही कसा! बाबांच्या घरी वर्तमानपत्र विकत घेतले जात नव्हते. वाचनालयातल्या अंकाला कात्री लावण्याची शामत नव्हती. मुंबई-पुण्याचे अंक मिरजेच्या गाडीने येत, पेठेत वाचले जात, मग केशकर्तनालयात, मग रद्दीत आणि शेवटी किराणा दुकानात जात. बाबांची बरीचशी कात्रणे या शेवटच्या टप्प्यावरची आहेत. आजी डाळीची पुडी सोडी आणि बाबा पुडीचा कागद गुडघ्यावर हाताने सपाट करीत, असे त्यांनीच मला सांगितले होते. एका कात्रणावर हळदीचा डाग अजून पिवळाजर्द आहे. दुसऱ्यावर गुळाचा चिकटा बसून मधल्या चार ओळी काळ्या पडल्या आहेत. बातमी हातात येईपर्यंत पंधरवडा उलटलेला असे आणि अंकाचे नाव व तारीख असलेला वरचा पट्टा बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या पुडीला गेलेला असे. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ वापरली आहे, म्हणून कसर लागली आणि पाने चाळणीसारखी झाली.

अशा कात्रणांना तारखा लावण्याचे काम मी निवृत्तीनंतर हाती घेतले. एकंदर त्र्याऐंशी कात्रणे आहेत. त्यांतली काही सुटून आली होती, म्हणून त्यांची पाठ वाचता आली, आणि खरी माहिती पाठीकडेच निघाली. एका कात्रणाच्या समोर सरहद्दीवरच्या छाप्याची बातमी, तर मागे गांधीजींच्या उपोषणाच्या मजकुराचे उजवे अर्धे. ते उपोषण १३ ते १८ जानेवारी १९४८ या दिवसांतले, तेव्हा अंक त्याच आठवड्याच्या आसपासचा. दुसऱ्यात फौजेच्या हालचालींविषयी लिहिले आहे आणि मागे जीनांच्या निधनाची बातमी आहे. जीना ११ सप्टेंबरला गेले आणि १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या, म्हणजे हे कात्रण त्या दोन दिवसांच्या सांध्यावर येते. गाणगापूर स्टेशनात मुंबईच्या मेलगाडीवर झालेल्या हल्ल्याचे कात्रण तर मजकुरावरूनच १९४८ च्या मे महिन्यातले ठरले. दत्ताच्या गाणगापूरला आमच्या गल्लीतून दरवर्षी माणसे जात असल्यामुळे त्या बातमीने शहापुरात केवढी घबराट झाली असेल याची मला कल्पना आहे, आणि बाबांनी त्या कात्रणाभोवती पेन्सिलीने चौकट केली आहे. अशा रीतीने चौऱ्याहत्तर कात्रणांना कमी-अधिक खात्रीने महिना तरी मिळाला. नऊ राहिली.

जूनमध्ये आत्या दोन मुलांना घेऊन बैलगाडीने सोलापूरकडे निघाली आणि पुढे रेल्वेने बेळगावला पोचली. तिच्या कमरेच्या पिशवीत निजामाचे हाली रुपये होते. शंभर कलदार, म्हणजे इंग्रजी, रुपयांना सुमारे एकशे सोळा हाली असा तेव्हाचा भाव, पण आमच्या पेठेत ते कुणी हातातही धरीना. त्यातला एक रुपया बाबांनी चोपडीच्या शेवटच्या पानाला कागदाचा खिसा करून ठेवला आहे, तो अजून तिथे आहे. यानंतर चोपडीची तऱ्हाच बदलते. गावांच्या नावांखालच्या रेघा थांबतात. समासातले प्रश्न थांबतात. आता मुलगा भाषणे, निवेदने, दिल्लीच्या वाटाघाटी असे मोठ्या माणसांसारखे कापू लागतो. खरे सांगायचे तर हा भाग मला नीरस वाटतो.

त्यात एकच कात्रण वेगळे आहे आणि आपण संपादक असल्यामुळे त्याचा उल्लेख करते. २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. हैदराबादने भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत आणि रझाकारांवर उघड टीका करीत. मारेकऱ्यांनी त्यांचा लिहिता हात तोडला. बाबांनी या कात्रणाखाली काहीही लिहिलेले नाही, पण ते पानाच्या मधोमध एकटेच चिकटवले आहे, इतर ठिकाणी एका पानावर चार-चार कात्रणे दाटीने बसवली असताना. ग्रुपवर फिरणाऱ्या चित्रांत हे पान नाही. माझ्या नातवाने टिपलेल्या पानांत ते होते, मी तपासले. कुणीतरी पुढे पाठवताना गाळले. जी पाने ठेवली त्यांच्याखाली आमच्याच गावातल्या, आमच्याच बाजारात बसणाऱ्या मुसलमान कुटुंबांना उद्देशून काय काय लिहिले होते ते मी इथे उतरवत नाही. लातूरच्या एका वकिलाच्या फौजेचा हिशेब बेळगावच्या भाजी मार्केटात मागणाऱ्यांना शोएबुल्ला खान यांचे पान नकोसे होणारच.

चोपडी १८ सप्टेंबरला संपते. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या फौजेचे प्रमुख एल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली आणि ते दिवस गणपतीचे असल्याने आमच्या गल्लीत दुप्पट गुलाल उधळला गेला, असे बाबा सांगत. पुढच्या पानावर बीजगणिताची गणिते आहेत. त्यानंतरच्या महिन्यांत मराठवाड्यात आणि बिदर-गुलबर्ग्याकडे सूडाच्या पोटी काय झाले, हे या चोपडीत नाही, आणि असणे शक्यही नव्हते. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाहणीसाठी पाठवली, तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्धच झाला नाही. जे छापले गेले नाही त्याचे कात्रण कोण कापणार? आत्या १९४९ मध्ये सासरी परत गेली. तिथल्या तेल्यांच्या आळीत निम्म्या घरांना कुलपे होती आणि उरलेल्यांना दारेच नव्हती, एवढे एक वाक्य तिने एकदा मला सांगितले. मी अधिक विचारले तेव्हा ती तांदूळ निवडायला बसली.

शाळेत मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला आणि मुलांना कात्रणवह्या करायला लावल्या. त्या सगळ्या वर्षांत मी मुलांच्या सुबक चौकटींना आणि रंगीत मथळ्यांना गुण दिले. कात्रणाच्या कडेला अंकाचे नाव व तारीख लिहिली आहे का, हे मी क्वचितच पाहिले. ज्या चुकीबद्दल आज मी लोकांवर रागावते आहे ती मीच शिकवली, हे या निमित्ताने कबूल केलेले बरे. बाबांना तर सवलतच दिली पाहिजे, त्यांच्या हाती पुडी येत होती, अंक येत नव्हता. ज्यांच्या हाती आज पूर्ण अंक येतो त्यांनी कात्री लावण्याआधी वरचा पट्टा वाचावा.

आपल्या वृत्तपत्राकडून मला दोन अपेक्षा आहेत. आपण विशेष अंकांत जुनी कात्रणे शोभेसाठी छापता. त्यांच्याखाली ‘जुने कात्रण’ एवढेच न लिहिता मूळ अंकाचे नाव आणि तारीख द्यावी, आणि ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट छापावे, म्हणजे पुढे ते मनाला येईल त्या सालात नेऊन बसवता येणार नाही. दुसरी अपेक्षा मोठी आहे. आपल्या कार्यालयात जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत असे मी ऐकून आहे. १९४७ आणि १९४८ या दोन वर्षांच्या तरी फायली महिन्यातून एखादा दिवस वाचकांना समक्ष पाहू द्याव्यात. शक्य असल्यास त्यांच्या प्रती काढून गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ठेवाव्यात. फायली हाताळल्याने फाटतात ही अडचण मला माहीत आहे. मी सुती हातमोजे घालून येईन, पाने आपल्या माणसाने उलटली तरी चालेल.

ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनाही आपल्या पत्रातून दोन शब्द सांगू इच्छिते. लॅमिनेशन करू नये, एकदा केले की कागद कायमचा अडकतो आणि पाठ वाचण्यासाठी तो परत मोकळा होत नाही. चिकटपट्टीने फाटके जोडू नये, दहा वर्षांत तिचा पिवळा डाग अक्षरे खातो. सुटलेले कात्रण उचलताना आधी पानाचा फोटो घ्यावा आणि मग कात्रणाच्या दोन्ही बाजूंचा. आमच्या वेंधळेपणामुळे चार कात्रणांच्या मूळ जागा कायमच्या हरवल्या आहेत.

शेवटी, ज्या कात्रणापासून हे पत्र सुरू झाले, ते उरलेल्या नवांपैकीच आहे. साल मजकुरावरून निश्चित आहे, पण महिना लागत नाही. त्याच्या पाठीवर केसांच्या तेलाच्या जाहिरातीचे डावे अर्धे आहे, त्यात आरशासमोर बसलेल्या बाईचा एक हात आणि वेणीचे टोक दिसते, आणि खाली आडव्या रेघेच्या पलीकडे ‘रविवार’ हा एक शब्द उरला आहे. अंक रविवारचा असेल किंवा त्या रविवारी व्हायच्या एखाद्या कार्यक्रमाचा तो उल्लेख असेल. एप्रिल ते ऑगस्ट १९४८ मधल्या आपल्या फायलीत ही बाई दिसली, तर कृपया तारीख तेवढी कळवावी.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
शहापूर, बेळगाव